नाचाच्या भुईची कातडी

१. प्रश्न साधा, उत्तर दमाचे

‘नाचासाठी व्हिनाइलचा पट्टा तर आणला, पण आता तो कापायचा कोणी, आणि कापताना वाकडा गेला तर?’ नृत्याचा वर्ग चालविणाऱ्या ताईंपासून शाळेच्या स्नेहसंमेलनाची जबाबदारी अंगावर पडलेल्या गुरुजींपर्यंत अनेकजण हा प्रश्न विचारतात, आणि मोठ्या शहरात त्याचे उत्तर एखाद्या कारागिराला बोलावून मिळत असले, तरी अमरावतीपासून परतवाड्यामार्गे घाट चढून ८०-८५ किलोमीटरांवर असलेल्या चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी ते बहुधा स्वतःलाच शोधावे लागते. सुदैवाने या कामाला अवघड हत्यारे लागत नाहीत. लागतो तो धीर आणि ज्या जिनसावर पाते चालवायचे त्याच्या स्वभावाची ओळख. म्हणून या प्रकरणात कापणी पाचव्या खंडात येईल. तोवर वाचकाने हातातले पाते खाली ठेवावे.

२. हा जिन्नस कोणता?

व्हिनाइलच्या आधी लिनोलियम होते, आणि त्याचे नाते आपल्या वऱ्हाडाच्या शेताशी जुळते. १८६० च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज गृहस्थाने जवसाचे तेल हवेत आटवून घट्ट केले, त्यात बुचाच्या झाडाची भुकटी मिसळली, तो लगदा तागाच्या कापडावर थापला, आणि जमिनीवर अंथरण्याचे एक नवे वस्त्र सिद्ध केले. आपल्या घरात ज्या जवसाची चटणी होते, तोच जवस असा विलायतेच्या दिवाणखान्यांत पायांखाली गेला.

व्हिनाइलची कुळकथा निराळी. १८७२ मध्ये ऑयगेन बाउमान या जर्मन रसायनज्ञाला उन्हात राहिलेल्या काचपात्रात एक पांढरा घन पदार्थ साचलेला दिसला. परंतु तो इतका कडक आणि ठिसूळ की त्याचे करावे काय हे पुढे अर्धशतकभर कोणाला नीटसे उमगले नाही. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी, रबर धातूला चिकटविणारे द्रव्य शोधीत असता, हा पदार्थ एका तेलकट द्रावकात तापवून पाहिला आणि तो मऊ, लवचीक झाला. या तेलकट द्रव्याला आपण मार्दवद्रव्य म्हणू. जुन्या काळी विहिरीवरच्या मोटेचे कातडे तेल पाजून मऊ ठेवीत, आणि तेल पाजण्यात हयगय झाली की तेच कातडे तडकून मोट गळू लागे, हे ज्यांनी पाहिले वा ऐकले असेल त्यांना व्हिनाइलचे निम्मे शास्त्र कळले असे समजावे. फरक इतकाच की, मोटेला तेल पुन्हा पाजता येत असे. व्हिनाइलला कारखान्यात पाजलेले मार्दवद्रव्य हीच त्याची जन्माची शिदोरी असते, आणि ती संपू न देणे यालाच त्याची निगा म्हणायचे.

नाचासाठीच्या या पट्ट्याला जगभर ‘मार्ली’ म्हणतात. ते मुळात एका ब्रिटिश कंपनीचे नाव. पण कोणत्याही वनस्पती तुपाला आपण जसे ‘डालडा’ म्हणत आलो, तसे ते साऱ्या जातीला चिकटले. बाजारात मीटरवर मिळणारे, लाकडाची वा फरशीची नक्षी छापलेले ‘पीव्हीसी कार्पेट’ हे त्याचे दूरचे भावंड खरे, तथापि त्याची पाठ बहुधा फोमची आणि पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यामुळे गिरकी घेताना पाय कोठे थांबेल याची शाश्वती राहात नाही. नाचाच्या पट्ट्याचा पृष्ठभाग मंद, किंचित खरबरीत असतो; जाडी साधारण १ ते २ मिलिमीटर, आणि रुंदी बहुधा दीड किंवा दोन मीटर. खरेदीच्या वेळी अनवाणी पाऊल त्यावर ठेवून टाच फिरवून पाहावी: पाऊल अडखळू नये आणि निसटूही नये.

३. खालची भुई

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण नाचणाऱ्याच्या सबबीवर हसते. परंतु अंगण खरोखरच वाकडे असेल, तर व्हिनाइल त्याला सरळ करीत नाही, हेही तितकेच खरे. दीड मिलिमीटरची ही कातडी खालच्या फरशीची प्रत्येक फट, प्रत्येक खडा आणि सिमेंटचा प्रत्येक फुगवटा काही दिवसांत वर दाखवू लागते. तेव्हा पट्टा उलगडण्यापूर्वी जमीन झाडून, खरवडून, फटी भरून घ्याव्यात, आणि दहा फुटांची सरळ पट्टी चारी दिशांना फिरवून कोठे उजेड दिसतो ते पाहावे.

दुसरी खातरजमा टणकपणाची. मेळघाटातले कोरकू स्त्री-पुरुष होळीला रांगा धरून तासन्‌तास नाचतात, ते मातीवर; आणि शेणाने सारवलेली भुई दगडापेक्षा पावलाला किती दयाळू असते हे सांगण्यास शास्त्रज्ञ नको. याउलट काँक्रीटवर थेट अंथरलेले व्हिनाइल धक्का शोषीत नाही. कथ्थकाचा ततकार किंवा भरतनाट्यमचा अडवू जेथे रोज तासभर चालतो, तेथे खाली लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर प्लायवूड ठोकून किंचित लवणारी जमीन आधी करावी आणि मग तिच्यावर ही कातडी चढवावी. पैसे दोहोंपैकी एकालाच पुरत असतील, तर ते लाकडाला द्यावेत.

तिसरी खातरजमा ओलीची, आणि चिखलदऱ्यात तीच सर्वांत महत्त्वाची. येथे पावसाळ्यात गाविलगडाच्या अंगाने येणारे धुके दार लोटून घरात शिरते, आणि जमिनीतून वर येणारी ओल एरवी हवेत उडून जाते ती व्हिनाइलखाली कोंडली की बुरशी धरते. परीक्षा सोपी आहे. दोन फूट लांबरुंद प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा फरशीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक दिवस, एक रात्र तसाच राहू द्यावा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा फरशी काळवंडलेली दिसली, तर त्या जमिनीवर पट्टा कायमचा अंथरू नये, वर्गापुरता अंथरून पुन्हा गुंडाळावा. ही परीक्षा मे महिन्यात घेऊन समाधान मानणे म्हणजे उन्हाळ्यात छप्पर गळत नाही म्हणून निश्चिंत होणे होय. ती श्रावणात घ्यावी.

४. मोजणी आणि मुरवण

आता एक उदाहरण घेऊ. समजा, दालन ३० फूट लांब आणि २० फूट रुंद आहे, म्हणजे ९.१४ मीटर आणि ६.१० मीटर, पट्टा दीड मीटर रुंदीचा. पट्टे लांबीच्या दिशेने अंथरले, तर ४ पट्ट्यांत ६ मीटर रुंदी झाकली जाते, दोन्ही भिंतींलगत जेमतेम ५-५ सेंटिमीटर उरतात, आणि सांधे पडतात ३, म्हणजे सुमारे २७ मीटर लांबीचे. तेच पट्टे आडवे अंथरले, तर ६ पट्टे लागतात आणि सांधे ५, एकूण सुमारे ३० मीटर. माल जवळजवळ तितकाच, पण पायाला अडखळण्याची आणि पाणी शिरण्याची जागा ३ मीटरांनी अधिक. दोन मीटर रुंदीचा पट्टा घेतला तर सांधे २ वर येतात, हे खरे. परंतु चौरस मीटरला साधारण २ किलो वजन धरले, तर दीड मीटरचा एक पट्टा २७-२८ किलोंचा होतो आणि दोन मीटरचा ३६-३७ किलोंचा. रोज उचलायचा असेल तर कोणाच्या पाठीने उचलायचा, याचाही विचार मोजणीतच करावा.

भिंतीवर विश्वास ठेवून मोजणी सुरू करू नये, कारण जुन्या दालनाच्या भिंती क्वचितच काटकोनात असतात. गवंडी करतात तेच करावे: कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ मीटरांवर आणि दुसरीवर ४ मीटरांवर खूण करून त्या खुणांमधले अंतर मोजावे, ते बरोबर ५ मीटर भरले तर कोपरा काटकोन. नंतर दालनाच्या मध्यभागी सूत ताणून एक रेघ मारावी आणि दुसरा व तिसरा पट्टा त्या रेघेच्या दोन बाजूंस लावून बाहेर सरकत जावे, म्हणजे भिंतीचा वाकडेपणा कडेला जातो. सुताला काव लावण्याचा सुतारांचा दस्तूर येथे मोडावा, कारण कावेचा तांबडा डाग फिकट व्हिनाइलवरून सहज निघत नाही. पांढऱ्या खडूची भुकटी पुरे.

यानंतर काही न करण्याचे काम आहे आणि उतावळ्या माणसाला तेच सर्वांत जड जाते. प्रत्येक पट्टा हव्या त्या लांबीपेक्षा ६-७ सेंटिमीटर अधिक ठेवून दालनात उलगडावा आणि निदान एक दिवस, शक्य तर दोन दिवस, तसाच पडू द्यावा. लोणचे घातल्या दिवशी वाढीत नाहीत. ते मुरावे लागते. गुंडाळीत आवळलेला आणि वाहनात तापलेला पट्टाही तसाच मुरावा लागतो. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटरांवर आणि चिखलदरा सुमारे १,१०० मीटरांवर. हजार मीटर चढले की हवा साधारण ६ अंशांनी थंडावते, म्हणजे घाट चढण्यातच ४-५ अंशांचा फरक पडतो, आणि मे महिन्याची दुपार व जानेवारीची पहाट यांतला फरक तर त्याच्या कितीतरी पट.

ढोबळ हिशेबासाठी असे धरावे की, १० मीटर लांबीचा व्हिनाइलचा पट्टा दर अंशाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो किंवा आखडतो. दालनातले तापमान उन्हाळ्यात ३५ अंश आणि हिवाळ्याच्या पहाटे १० अंश धरले, तर फरक २५ अंशांचा, म्हणून ९.१० मीटरचा आपला पट्टा वर्षभरात सुमारे २३ मिलिमीटर मागेपुढे सरकू पाहील. जानेवारीत तो भिंतीला भिडवून कापला, तर मे महिन्यात त्याला जायला जागा उरणार नाही आणि मध्यभागी लाट उठेल. मे महिन्यात भिडवून कापला, तर हिवाळ्यात कडेला फट पडेल, पण फटीने कोणी तोंडघशी पडत नाही. दोन्ही टोकांना २-२ सेंटिमीटर जागा सोडली की हा तंटा मिटतो, आणि ती जागा भिंतीच्या तळाशी ठोकलेल्या लाकडी पट्टीखाली झाकताही येते. पाठीत काचतंतूंची जाळी असलेला पट्टा यापेक्षा कमी हलतो. तरी जागा सोडण्यात कसूर करू नये.

५. कापणी

साहित्य मोजके: नव्या पात्यांचा कटर, लोखंडी सरळ पट्टी, सुताराचा गुण्या, पेन्सिल, आणि पट्ट्याखाली सरकविण्यासाठी प्लायवूडचा किंवा जाड पुठ्ठ्याचा लांब तुकडा, जेणेकरून पाते खालच्या जमिनीत रुतणार नाही. पाते बोथट वाटण्याची वाट न पाहता प्रत्येक पट्ट्याला नवे टोक घ्यावे, कारण बोथट पाते जोर मागते आणि जोर लावलेला हात घसरतो. थंडीत कापायचे असेल तर दुपार गाठावी. गारठलेले व्हिनाइल कडक होते आणि पाते त्यावर भरकटते.

पेन्सिलीची रेघ दोन ठिकाणी मोजून मारावी आणि लोखंडी पट्टी तिच्यावर अशी ठेवावी की, आपल्याला राखायचा भाग पट्टीखाली झाकला जाईल आणि टाकाऊ भाग उघडा राहील. मग पाते चुकले तरी ते टाकाऊ भागात चुकेल. डाव्या हाताने, किंबहुना सोबत्याच्या गुडघ्याने, पट्टी दाबून धरावी. पहिल्या फेरीत कापण्याचा विचारच करू नये: पाते केवळ आपल्या वजनाने ओढावे, म्हणजे पृष्ठभागावर केसाएवढी वाट पडते. दुसऱ्या फेरीत ते त्या वाटेने आपोआप जाते आणि किंचित कुरकुरते. तिसऱ्या फेरीत आवाज बदलतो, कुरकुर थांबून एक मऊ, सलग सर्र ऐकू येते, आणि टाकाऊ पट्टी आपल्या वजनाने बाजूला झुकते. तो आवाज एकदा कानात बसला की पुढच्या पट्ट्यांना कोणाच्या सल्ल्याची गरज उरत नाही.

खांब किंवा चौकट आडवी येत असेल, तर आधी वर्तमानपत्राचा कागद तेथे बसवून त्याचा आकार कापावा आणि मग तो कागद पट्ट्यावर ठेवून रेघ मारावी. चुकलेला कागद फेकता येतो. आतल्या कोपऱ्याचा काप टोकदार काटकोनात संपवू नये, कारण झग्याची चीर जशी टोकापासून उसवत जाते, तसे व्हिनाइल टोकदार कोपऱ्यापासून फाटते. तेथे एक रुपयाचे नाणे ठेवून त्याच्या गोलाईने पाते वळवावे. कापलेल्या प्रत्येक पट्ट्याच्या पाठीवर क्रमांक आणि दिशेचा बाण लिहावा, अन्यथा पुढच्या वर्षी तोच जुळवाजुळवीचा मामला पुन्हा उभा राहतो.

६. सांधे

पट्ट्यांच्या लांब कडा कारखान्यातून सरळ आलेल्या असतात. त्या शक्यतो कापू नयेत. दोन कडांमध्ये एका नाण्याच्या जाडीइतकी फट सोडावी आणि वरून व्हिनाइलचीच, सुमारे ५ सेंटिमीटर रुंदीची चिकटपट्टी लावावी. पार्सलाची खाकी पट्टी वापरू नये; तिचा गोंद पट्ट्यावर राहतो, त्यावर धूळ बसते, आणि तो काढण्यासाठी माणूस थिनरची बाटली शोधू लागतो, जिची हकीकत पुढे येणारच आहे. चिकटपट्टी आधी सांध्याच्या मध्यावर, मग दोन्ही टोकांना अडकवावी आणि त्यानंतर मध्यापासून टोकांकडे लावीत न्यावी, परंतु ताणू मात्र नये: ताणून लावलेली पट्टी रात्रीतून आखडते आणि सकाळी तिची टोके वर आलेली दिसतात. पट्टे गुंडाळण्यापूर्वी ती प्रत्येक वेळी काढून टाकावी.

७. निगा

चिखलदऱ्याच्या नावात चिखल दिसत असला, तरी परंपरा ते नाव भीमाने ज्याला दरीत लोटले त्या कीचकाशी जोडते. पावसाळ्यात चपलांना लागून दालनापर्यंत येणारा चिखल मात्र पौराणिक नव्हे. म्हणून पहिला नियम दाराबाहेरचा: पादत्राणे बाहेर, पायपुसणे बाहेर, आणि पाय कोरडे झाल्याखेरीज आत पाऊल नाही. आत आलेला वाळूचा एक कण शंभर पावलांखाली घासला की तो पॉलिशकागदाचे काम करतो.

रोज मऊ कुंच्याने किंवा कोरड्या फडक्याने धूळ काढावी. आठवड्याला एकदा बादलीभर कोमट पाण्यात टोपणभर सौम्य, तेलविरहित साबणद्रव घालून, पोछा घट्ट पिळून पुसावे, आणि नंतर साध्या पाण्याने पुन्हा पुसावे. ही दुसरी पुसणी आळसाने गाळली जाते, आणि मग वाळलेल्या साबणाचा पापुद्रा घामाने ओला होऊन नर्तकीला घसरवितो, तेव्हा दोष मात्र पट्ट्याला मिळतो. फिनेल, मेण, पॉलिश, खोबरेल आणि पायांना लावलेली टाल्कम पावडर यांना या दालनात मज्जाव असावा.

थिनर, पेट्रोल, रॉकेल यांची गोष्ट याहून गंभीर. ही द्रव्ये डाग काढतात खरी, पण डागासोबत व्हिनाइलला जन्मतः पाजलेले मार्दवद्रव्यही ओढून नेतात. जागा आधी चकाकते, मग कडक होते, आणि काही महिन्यांनी तेथेच तडा जातो. मोटेच्या कातड्याची आठवण ठेवावी.

आपल्याकडील नृत्यवर्गाचे काही डाग असे आहेत की, विलायती माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख नसतो. पावलांना लावलेला अळता पुरता वाळण्याआधी मुलगी रांगेत उभी राहिली, की पट्ट्यावर तिचे पाऊल उमटते, आणि ते लक्ष्मीच्या पावलांसारखे सुंदर दिसत असले तरी तासाभरात पुसले नाही तर मुक्कामाला राहते. त्यावर लगेच ओले फडके, मग सौम्य साबणाचा फेस आणि मऊ कापड, इतकाच उपचार, घासणी नको. दसऱ्याला चाळांची पूजा पट्ट्यावर करायची तर समई आणि कुंकवाचे ताट पाटावर ठेवावे, नारळ बाहेर फोडावा, आणि उदबत्ती मातीने भरलेल्या वाटीत खोचावी, कारण तिचा एक निखारा व्हिनाइलला कायमचे भोक पाडतो. वादकांना बसायला सतरंजी घालावी. खुर्च्यांचे पाय ओढू नयेत. रबरी पाठीची चटई मात्र कधीही अंथरू नये: रबर टिकाऊ करण्यासाठी घातलेली द्रव्ये हळूहळू व्हिनाइलमध्ये उतरतात आणि पिवळट-तपकिरी डाग पाडतात, जो पृष्ठभागावर नसून आत असतो, म्हणून तो कोणत्याही पोछ्याने निघत नाही.

८. गुंडाळी

पट्ट्याची घडी घालू नये; एकदा पडलेली घडी पुढे नेहमी पावलाला जाणवते. कापडाच्या ठाणात असते तसे जाड पुठ्ठ्याचे नळकांडे घेऊन, नाचाची बाजू बाहेर ठेवून, दोघांनी दोन टोकांना बसून सरळ गुंडाळावे. बाहेर ठेवण्याचे कारण असे की, पट्टा गुंडाळीची वळणे लक्षात ठेवतो, आणि नाचाची बाजू बाहेर असली तर उलगडल्यावर त्याच्या कडा खाली जमिनीकडे वळतात. आत असली तर त्या वर उचलतात आणि अंगठ्यांना अडवितात. गुंडाळण्यापूर्वी पाठही पुसून पुरती वाळवावी. गुंडाळ्या सावलीत, भिंतीच्या ओलीपासून दूर, लाकडी फळीवर एकेक ठेवाव्यात. एकीवर दुसरी रचली तर खालची चपटते आणि तो चपटेपणा पुढच्या मोसमात लाट होऊन वर येतो.

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी शेतकरी जसा घरावरची कवेलू एकदा फेरून घेतो, तसे नृत्याच्या वर्गानेही दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात सर्व पट्टे उचलावेत, खालची भुई डोळ्यांनी पाहावी, पाठीवर बुरशीचा काळा ठिपका कोठे आहे का ते तपासावे आणि नंतरच ते पुन्हा अंथरावेत. या कामाला चार माणसे आणि एक सकाळ पुरते.